प्राध्यापक 'ऑनलाइन'साठी तयार आहेत का, हे नेमकं काय विचारल्यावर कळेल?

शाईपेन (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. वर्गात ऑनलाइन तंत्रज्ञान वापरायला प्राध्यापक कितपत तयार आहेत, याचं एक सर्वेक्षण आमच्याकडे व्हायचं आहे आणि प्रश्नावली तयार करणाऱ्या समितीत मीही आहे. पहिला मसुदा हातात आला आणि वाचून अस्वस्थ झालो. 'मला स्लाइड्स बनवता येतात', 'मला ऑनलाइन चाचणी तयार करता येते', 'मला व्हिडिओ अपलोड करता येतो' अशी एकाखाली एक विधानं. समोर 'पूर्णपणे सहमत'पासून 'पूर्णपणे असहमत'पर्यंत पाच चौकोन. गुणांची बेरीज करायची. अमुक आकड्याच्या वर तो तयार, खाली तो अप्रशिक्षित. खालच्यांना प्रशिक्षण, की झालं काम.

माझं म्हणणं, यातून कुठलं बटण कुठे आहे हे कुणाला माहीत आहे तेवढंच कळेल. आमच्याच विभागातली दोन माणसं सांगतो. एक सहकारी संगणकात इतके तरबेज की सगळ्या विभागाचे निकालाचे तक्ते तेच बनवून देतात. वर्गात मात्र ते फळ्याशिवाय काही वापरत नाहीत. दुसऱ्या मॅडम निवृत्तीच्या जवळ आल्यात, टायपिंग एका बोटाने. पण तासाच्या मध्यावर मोबाईलवर एक प्रश्न टाकून मुलांना किती कळलं हे त्या नेमाने बघतात, आणि त्यावरून पुढचा तास ठरवतात. आमच्या प्रश्नावलीत सर 'तयार' ठरतील आणि मॅडम 'अप्रशिक्षित'. अशा निकालावरून कुणाला काय प्रशिक्षण देणार?

इथे शिकवणारे, शिकणारे, शिक्षणावर संशोधन करणारे बरेच जण आहेत. तुम्ही एखादी ऑनलाइन गोष्ट वर्गात आणलीत ती कशामुळे, किंवा आणली नाहीत ती कशामुळे? आणि प्रश्नावलीत काय विचारायला हवं?

---

निळी_वही

धागा आवडला, सविस्तर लिहीनच. तोवर एक: त्या एका बोटाच्या मॅडमना माझा नमस्कार कळवा.

---

चढता_आलेख

शिक्षणशास्त्रात संशोधन करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

तुमचा मसुदा ज्या घराण्यातला दिसतो त्याचं मूळ फ्रेड डेव्हिस यांच्या १९८९ च्या कामात आहे. माणूस नवं तंत्रज्ञान कधी स्वीकारतो? ते आपल्या उपयोगाचं आहे असं त्याला वाटलं आणि ते वापरायला सोपं वाटलं, तर. लोक विसरतात ते पुढचं. डेव्हिस यांना या दोन्हींत 'उपयोगाचं वाटणं' प्रत्यक्ष वापराशी जास्त घट्ट जोडलेलं आढळलं. माणसं अवघड साधनही शिकून घेतात, जर त्यातून त्यांचं काही अडलेलं सुटणार असेल. निरुपयोगी साधन कितीही सोपं केलं तरी धूळ खातं. तुमच्या मसुद्यात सगळे प्रश्न 'येतं का' असे आहेत आणि 'कशासाठी' असा एकही नाही, म्हणजे दोनातला कमी वजनाचा भागच मोजला जातोय.

दुसरा मुद्दा. १९८६ मध्ये ली शुलमन यांनी मांडलं की विषय येणं आणि शिकवता येणं यांच्या पलीकडे 'हा विषय कसा शिकवायचा' असं एक स्वतंत्र ज्ञान असतं. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञान जोडलं. तुमच्या सरांकडे विषय आहे आणि तंत्रज्ञानही आहे, पण दोन्ही वेगवेगळ्या खोल्यांत आहेत. मॅडमकडे तंत्रज्ञान चिमूटभर, पण ते थेट विषयाच्या अडचणीवर नेऊन ठेवलेलं.

शेवटचं म्हणजे, 'मला येतं' हे माणूस स्वतःबद्दल सांगतो तेव्हा तो त्याचा आत्मविश्वास असतो. कौशल्य मोजायचं असेल तर काम करून दाखवायला सांगावं लागतं.

---

जडत्व

भौतिकशास्त्र शिकवतो. कशामुळे आणलं, ते सांगतो.

चेंडू सरळ वर फेकला. सगळ्यात उंच बिंदूवर त्याचं त्वरण (वेग बदलण्याचा दर) किती? त्वरणाची व्याख्या शिकवून झालेली, गणितं सोडवून झालेली. तरी हा प्रश्न मोबाईलवरच्या निनावी पोलवर टाकला की वर्गातला मोठा गट 'शून्य' म्हणतो. कारण तिथे वेग शून्य आहे आणि मुलांच्या डोक्यात वेग आणि त्वरण एकमेकांना चिकटलेले आहेत. परीक्षेत सूत्र लिहून गुण मिळतात, त्यामुळे ही गाठ बाहेर कधी दिसतच नाही.

पोल झाल्यावर मी निकाल दाखवत नाही. 'शेजारच्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला पटवा' एवढंच सांगतो आणि बाकांमधून फिरतो. एकदा एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, 'अगं, वेग पण शून्य आणि त्वरण पण शून्य, मग चेंडू खाली येईलच कसा? तिथेच लटकून राहील!' माझ्या अख्ख्या तासात यापेक्षा चांगलं वाक्य नव्हतं. मग तोच प्रश्न पुन्हा टाकायचा. उत्तरं सरकलेली दिसतात.

पद्धत माझी नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर १९९१ पासून हे करत आलेत. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत, पण जड ट्रक हलक्या गाडीवर आदळला तर कुणाचं बल जास्त, अशा साध्या प्रश्नावर अडत. पहिल्याच फेरीत जवळजवळ सगळ्यांचं बरोबर आलं तर चर्चेत वेळ घालवायचा नाही. फारच थोड्यांचं बरोबर आलं तर चर्चेचाही उपयोग नाही, पुन्हा शिकवायचं. मधल्या पट्ट्यात, साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील, तेव्हा चर्चेला खरी धार येते.

मोबाईल माझ्या वर्गात आला तो या एका कामासाठी. 'डिजिटल व्हा' असं परिपत्रक आलं म्हणून नव्हे.

---

पोपटी_खडू

जडत्व, प्रतिसाद सुंदर आहे, पण माझुर यांच्या वर्गात सुरुवातीला मुलं उत्तराची कार्डंच वर धरत होती ना? मग यात ऑनलाइन काय? कल्पना चांगली आहे, ती कार्डांनीही चालते. श्रेय मोबाईलला कशाला?

मी गणित शिकवते आणि फळा सोडायला तयार नाही, कारण विचार करून ठरवलं आहे. सीमेची (लिमिटची) व्याख्या वापरून एखादी सिद्धता लिहायची असते तेव्हा 'डेल्टा म्हणून काय घ्यायचं', म्हणजे सिद्धतेत आपणच निवडायची ती छोटी संख्या, ती जागा मी वर मोकळी सोडते. खाली आकडेमोड करते, कुठली किंमत चालेल हे मुलांबरोबर शोधते, आणि मग हात वर नेऊन ती मोकळी जागा भरते. त्या क्षणी वर्गात 'अच्छा, असं येतं होय ते!' हा भाव दिसतो. तीच सिद्धता स्लाइडवर आली की डेल्टाची किंमत पहिल्या ओळीत आयती बसलेली असते. मुलांना वाटतं ती आकाशातून पडली.

आणि 'आता शिक्षण बदलणार' ही घोषणा जुनी आहे. एडिसन यांनी १९१३ मध्ये भाकीत केलं होतं की शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील आणि चित्रपट त्यांची जागा घेतील. पुढे रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली. संगणकावर शिकवणारी प्लेटो ही यंत्रणा इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्येच सुरू झाली होती. प्रत्येक वेळी न वापरणाऱ्या शिक्षकाला मागास म्हटलं गेलं. रिचर्ड क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी १९८३ मध्ये स्पष्ट लिहिलं की माध्यमामुळे शिकणं वाढत नाही; किराणा आणून देणाऱ्या गाडीमुळे जसं आपलं पोषण सुधारत नाही, तसं.

प्रश्नावलीत माझ्यासारखी बाई 'तयार नाही' या रकान्यात जाणार असेल, तर ती प्रश्नावली चुकीची आहे.

---

शेवटचा_बाक

विद्यार्थ्याची बाजू मांडू का? (एमएस्सीला आहे.)

पोपटी_खडू मॅडम, तुमचा डेल्टा वाचून तुमच्या वर्गात यावंसं वाटलं. पण सगळे तुमच्यासारखे नसतात. आमच्याकडे 'तंत्रज्ञान वापरणं' म्हणजे स्लाइडवर पुस्तकातला परिच्छेद, आणि सर तो वाचून दाखवतात. तोच तास रेकॉर्ड करून टाकला की झाला 'ई-कंटेंट'. पाऊण तासाचा व्हिडिओ आम्ही दीडपट वेगाने लावतो, परीक्षेला येईल तेवढं शोधतो आणि बंद करतो.

दुसरीकडे एका सरांनी प्रत्येक धड्यातला फक्त अडणारा भाग घेऊन छोटे व्हिडिओ केलेत. कागदावर पेनाने लिहीत लिहीत बोलतात, हात दिसतो. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळी बॅच तेच बघत बसते. चेहरा नाही, पार्श्वसंगीत नाही, काही नाही.

---

चढता_आलेख

शेवटचा_बाक, तुझ्या या निरीक्षणाला भक्कम आधार आहे. एडेक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांत विद्यार्थी व्हिडिओ कसे बघतात याचा २०१४ मध्ये अभ्यास झाला. जवळपास ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिल्याच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ सहा मिनिटांच्या आत असला तर मुलं टिकतात, लांबला की गळतात. आणि हाताने लिहीत समजावलेले व्हिडिओ स्लाइड्सपेक्षा जास्त धरून ठेवतात.

म्हणजे पोपटी_खडू, तुमची मोकळी सोडलेली जागा पडद्यावर नेता येते. कागदावर कॅमेरा धरला की तुमचा फळाच झाला. क्लार्क यांच्याशी मी बराच सहमत आहे, पण गाडी अजिबात पोचतच नाही अशी घरं असतात. आजारी पडलेला, नोकरी करून शिकणारा, भाषा समजायला वेळ लागणारा विद्यार्थी तुमची सिद्धता थांबवून पुन्हा बघू शकला तर?

---

पोपटी_खडू

हा मुद्दा मान्य. वर्गाच्या जागी नको, वर्गाला जोड म्हणून हवं. त्याला माझा विरोध कधीच नव्हता.

---

जडत्व

मॅडम, कार्डांबद्दल: कार्डांनीही होतं, तुमचं म्हणणं अगदी बरोबर. पण उघड कार्डं किंवा हात वर केले की मुलं आधी पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडे बघतात आणि मग आपलं उत्तर ठरवतात. कार्ड छातीशी धरायला लावलं की हे कमी होतं. निनावी पोलमध्ये उरतच नाही. शिवाय मोठ्या वर्गात कार्डं मोजायची कशी? मला ऑनलाइनची गरज तिथे आणि तेवढीच पडली.

---

केबल_कुठंय

मी शिकवत नाही. महाविद्यालयातले प्रोजेक्टर, संगणक, नेटवर्क सांभाळतो. तुम्हा सगळ्यांच्या चर्चेत जे कुणी लिहिलं नाही ते लिहितो.

तासाची पहिली दहा मिनिटं.

प्राध्यापक वर्गात येतात. प्रोजेक्टर चालू, पण पडद्यावर 'सिग्नल नाही'. लॅपटॉपला एक प्रकारचं पोर्ट, भिंतीतून आलेली केबल दुसऱ्या प्रकारची, जोडणी करणारा तुकडा आधीच्या तासाचे सर घेऊन गेले. तो मिळाला तर आवाज येत नाही, कारण आवाज चित्राच्याच केबलमधून (एचडीएमआय) प्रोजेक्टरकडे गेला आणि प्रोजेक्टरला स्पीकर नाही. ते जमलं तर वायफायचं लॉगिन संपलेलं. तोवर मुलं गप्पांत रमली. हे कुणाच्याही बाबतीत काही वेळा घडलं की ते माणूस पुन्हा खडू उचलतं, आणि मी त्याला दोष देणार नाही. पन्नास मिनिटांतली दहा गेली तर अभ्यासक्रम पुरा कोण करणार?

हे लोक प्रश्नावलीत 'मला स्लाइड्स येतात: पूर्णपणे सहमत' लिहितील. पण वर्गात वापरणार नाहीत. शाईपेन, तुमचे ते तक्ते बनवणारे सर या गटातले आहेत का, विचारून बघा.

प्रत्येक वर्गात एकसारखी जोडणी, टेबलाला बांधलेला जोड-तुकडा, आणि अडलं तर लगेच येणारा माणूस, एवढं झालं तर तुमचं अर्धं प्रशिक्षण लागणार नाही.

---

निळी_वही

केबल_कुठंय, आयडी सार्थ आहे! :)

---

शेवटचा_बाक

आमच्याकडे तो जोड-तुकडा एका मॅडमच्या पर्समध्ये राहतो. सगळे विभाग त्यांच्या वेळापत्रकावर चालतात.

---

ब्युरेट

रसायनशास्त्र. प्रात्यक्षिकांबद्दल कुणीच बोललं नाही.

कोलोराडो विद्यापीठातून २००२ मध्ये सुरू झालेली फेट सिम्युलेशन्स (पडद्यावरचे आभासी प्रयोग) मी आनंदाने वापरते. नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी तो प्रकल्प सुरू केला. रेणूंची हालचाल, समतोल, आम्ल-आम्लारीची तीव्रता या डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी तिथे दिसतात, आणि मुलांना 'हे वाढवलं तर काय होईल' असं खेळून बघता येतं.

पण अनुमापन (टायट्रेशन) पडद्यावर शिकवून बघा. आम्लात फिनॉल्फ्थॅलीन हा रंग बदलणारा दर्शक घातलाय, ब्युरेटमधून (तोटीच्या काचनळीतून) आम्लारी थेंब थेंब सोडायची. फिकट गुलाबी रंग येतो, हलवला की जातो, परत येतो, परत जातो. एका थेंबाने तो राहतो. तो थेंब कधी अर्धाच सोडायचा असतो. तोटीवरच्या बोटांचा दाब माऊसला येत नाही. जरा जास्त गेलं की गडद गुलाबी, आणि प्रयोग पहिल्यापासून. हा संयम हातातच यावा लागतो.

म्हणून 'तुम्ही ऑनलाइन साधनं किती टक्के तासांना वापरता' असा प्रश्न असेल तर माझं उत्तर निरर्थक आहे. माझ्याच विषयात एका भागात खूप, दुसऱ्यात शून्य, आणि दोन्ही विचारपूर्वक.

---

निळी_वही

आता सविस्तर. मी साहित्य शिकवते. माझी अडचण भौतिकशास्त्रासारखी नाही. आमच्याकडे चूक-बरोबर कमी आणि गप्प बसणं जास्त. कविता वाचली, 'काय वाटलं?' विचारलं की नेहमीचे चार चेहरे बोलतात, बाकी सगळे वहीत बघतात.

मी कविता एका सामायिक डॉक्युमेंटमध्ये टाकली. प्रत्येकाने एक शब्द निवडायचा, तो ठळक करायचा आणि शेजारी टिप्पणी लिहायची: हाच शब्द का? दुसऱ्याच्या टिप्पणीला उत्तर दिलं तरी चालेल. सत्रभर तोंड न उघडलेल्या एका मुलाने फक्त एका स्वल्पविरामावर टिप्पणी लिहिली, की इथे कवी श्वास घेतो आणि त्यानंतरची ओळ पहिल्या ओळीवर विश्वास ठेवत नाही. त्याखाली बाकीच्यांची रांग लागली. पुढच्या तासाला मी ती टिप्पणी वाचून दाखवली (त्याला विचारून), आणि तो वर्गात बोलला.

हे मला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. प्रशिक्षणात डॉक्युमेंट 'शेअर' कसं करायचं ते होतं. कवितेसाठी ते वापरावं हे शेजारच्या इतिहासाच्या मॅडमनी त्यांच्या वर्गात काय केलं ते बघून सुचलं. माझ्या मते प्रश्नावलीत हे यायलाच हवं: 'तुमच्यासारखाच विषय शिकवणाऱ्या कुणाला तुम्ही हे वापरताना प्रत्यक्ष पाहिलं आहे का?'

---

चढता_आलेख

निळी_वही, हेच एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात यावर लिहिताना सांगितलं. दुसऱ्याने केलेलं डोळ्यांनी दिसणं आणि थोडंसं करून बघता येणं, या दोन्हींनी स्वीकार वाढतो. 'सगळा अभ्यासक्रम पुढच्या महिन्यापासून ऑनलाइन' या हुकमात दोन्ही नाहीत.

---

आतला_आवाज

मी दृष्टिहीन आहे, इतिहासात एमए करतोय, स्क्रीन रीडर वापरतो. हा धागाही तोच वाचून दाखवतोय.

माझ्यासाठी ऑनलाइन साहित्य म्हणजे वरदान, जर ते नीट केलं असेल तर. पुस्तकाची पानं फोनने फोटो काढून पीडीएफ करून टाकली, तर माझ्या स्क्रीन रीडरला, एनव्हीडीएला, त्यात एक अक्षर सापडत नाही. कोरा कागद. तेच साहित्य टाइप केलेलं असेल, मथळे मथळा म्हणून दिलेले असतील आणि चित्राला दोन ओळींचं वर्णन असेल, तर मी वर्गातल्या कुणाहीआधी वाचून तयार असतो. वर्गात नकाशा दाखवत 'इथे बघा, हा भाग तिथे गेला' असं म्हणणारे सर 'उत्तरेकडचा भाग पूर्वेला गेला' असं म्हणाले तर रेकॉर्डिंगही मला पुरतं.

'व्हिडिओ अपलोड करता येतो' हे विचारता ना, मग 'तुमच्या वर्गातला प्रत्येक विद्यार्थी ते साहित्य वापरू शकतो का, हे तुम्ही तपासता का' हेही विचारा. हे तपासायला फार वेळ लागत नाही. फाईल उघडून मजकूर निवडता येतो का ते बघायचं. निवडला गेला नाही, तर तो फोटो आहे.

---

ब्युरेट

आतला_आवाज, धन्यवाद. हे आज संध्याकाळीच माझ्या सगळ्या नोट्सवर करून बघते.

---

रफ_वही

एक बाजूचा प्रश्न: आता चॅटजीपीटी आल्यावर या सगळ्याला काय अर्थ उरला? मुलं टिप्पण्या, गृहपाठ सगळं तिथूनच आणतील.

---

निळी_वही

स्वल्पविरामावरची ती टिप्पणी कुठून आणली असती तर पुढच्या तासाला तो उभा राहून त्यावर भांडला नसता. लिहून घ्यायचं आणि मग समोरासमोर बोलतं करायचं, ही जोडी तोडली नाही तर मला फार भीती वाटत नाही. पण घरून लिहून आणायच्या निबंधावर गुण देणं मी थांबवलंय, हे खरं.

---

जडत्व

२०२२ च्या नोव्हेंबरपासून हा विषय सगळीकडे आहे. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे शाईपेन यांची प्रश्नावली राहून जाईल.

---

रफ_वही

बरं बरं. मग धाग्यावरचंच लिहितो. २०२० मध्ये सगळ्यांनी ऑनलाइन शिकवलंच ना? युनेस्कोच्या आकड्यांनुसार तेव्हा जगभरातल्या १५० कोटींहून जास्त विद्यार्थ्यांच्या शिक्षणसंस्था बंद होत्या. शिक्षक तयार नव्हते तर ते झालं कसं? तयारी आहे, अडतं ते आळसामुळे, असं माझं मत.

---

चढता_आलेख

तीव्र असहमत. मार्च २०२० मध्येच काही अमेरिकी विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी बजावलं होतं की हे जे चाललंय ते आणीबाणीतलं दूरस्थ शिकवणं आहे, त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणून तोलू नका. त्यांनी लिहिलंय की पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम नीट आखून उभा करायला एरवी सहा ते नऊ महिने लागतात. इथे तो शिक्षकांनी काही दिवसांत केला, घरातल्या एका कोपऱ्यात बसून, बहुतेकांनी स्वतःच्या फोनवर. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं आहे.

उलट त्या अनुभवाने बऱ्याच जणांचं मन उडालं. बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकोनांशी बोलून जो थकला, त्याला 'ऑनलाइन' शब्दच नको होतो. ही नावड अज्ञानातून आलेली नाही.

---

पोपटी_खडू

हे कुणीतरी लिहायला हवंच होतं. मनापासून आभार.

---

जडत्व

वेळेबद्दल मलाही सांगायचंय. चेंडूसारखा एक चांगला प्रश्न तयार करायचा म्हणजे मुलं नेमकी कुठे चुकतात ते आधी ठाऊक हवं, आणि चुकीचे पर्यायही खरे वाटणारे हवेत. ही तयारी कार्यभारात कुठेच धरली जात नाही. तास घेतला की तास मोजला जातो. तासामागची रात्र कुठे लिहायची?

आणि मुलांचे अभिप्राय. २०१९ मध्ये हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर एक प्रयोग झाला. ज्या मुलांना वर्गात स्वतः विचार करून सोडवायला लावलं ती चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण विचारलं तर 'कमी शिकलो' म्हणाली. सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना आपण जास्त शिकलो असं वाटलं. आता ज्या प्राध्यापकाचं मूल्यमापन विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर होतं, त्याने नवीन काही का करावं? घसरलेल्या गुणांचं उत्तर त्याला एकट्याला द्यावं लागतं.

---

शेवटचा_बाक

हे खरं आहे. पोल घेणाऱ्या मॅडमना आम्ही पहिल्या महिन्यात 'शिकवत नाहीत, आम्हालाच विचारतात' असं लिहून दिलं होतं. सत्राच्या शेवटी विचारलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

---

शाईपेन

सगळे प्रतिसाद सावकाश वाचले. केबल_कुठंय, तुम्ही म्हणालात तसं आमच्या त्या सरांना विचारलं. उत्तर तुमच्या अंदाजाच्या जवळ आहे: त्यांचे तास ज्या खोलीत असतात तिथला प्रोजेक्टर चालेल याची खात्री नसते, आणि तास वाया गेलेला त्यांना सहन होत नाही. कौशल्याचा प्रश्नच नव्हता.

मसुद्यातली 'मला येतं' प्रकारची विधानं अगदी थोडी ठेवून बाकी काढायची असं समितीपुढे मांडणार आहे. त्याऐवजी सुरुवात अशी करावी म्हणतो: 'तुमच्या विषयातला असा कोणता भाग आहे जो शिकवूनही मुलांना समजत नाही?' ही मोकळी जागा, चौकोन नाहीत. त्याखाली: त्यासाठी काही वेगळं करून पाहिलंत का, ऑनलाइन किंवा ऑनलाइनशिवाय, आणि काय झालं? मग निळी_वही यांचा प्रश्न, दुसऱ्या कुणाला वापरताना पाहिलं आहे का. आतला_आवाज यांचा, साहित्य सगळ्यांना वापरता येतं का. तयारीला वेळ मिळतो का आणि तो कार्यभारात धरला जातो का. वर्गात काही अडलं तर कोण येतं, आणि किती वेळात.

पोपटी_खडू, 'विचार करून न वापरण्याचं ठरवलं आहे, कारण...' असा पर्याय प्रत्येक प्रश्नाला असेल. मोकळ्या उत्तरांची वर्गवारी करणं आकड्यांच्या बेरजेपेक्षा कष्टाचं आहे. ते काम मी अंगावर घ्यायला तयार आहे.

---

पोपटी_खडू

ही प्रश्नावली मी भरेन. पण एक अट: नाव नको. नाव असलं की लोक वरिष्ठांना आवडेल ते लिहितात. 'प्रोजेक्टर चालत नाही' हेसुद्धा कुणी लिहिणार नाही.

---

चढता_आलेख

अनुमोदन. आणि लहान विभागात 'विषय' आणि 'सेवेची वर्षं' एकत्र विचारली तरी माणूस ओळखू येतो. दोन्हींपैकी एकच विचारा.

---

शाईपेन

बरोबर, हे निसटलं असतं. सेवेची वर्षं काढतो, विषय ठेवावाच लागेल. केबल_कुठंय, वर्गखोल्यांची पाहणी करायला प्राध्यापकांना न विचारता थेट तुमच्यासारख्या कुणाकडून यादी घ्यावी असं वाटतंय. कोणत्या नोंदी असाव्यात ते लिहून द्याल का?

---

केबल_कुठंय

देतो. खोली क्रमांक, कोणती जोडणी, आवाज येतो का, शेवटच्या बाकावर वायफायचा सिग्नल किती, आणि मागच्या महिन्यात तिथून किती वेळा फोन आला. शेवटचा रकाना आमच्या नोंदवहीत आधीपासून आहे. आजवर कुणी मागितला नव्हता.